घरगुती पवनचक्कीचा रेक्टिफायर सारखा उडतोय? नवा आणायच्या आधी जुना कशाने गेला ते बघा

मुंबईजवळ समुद्रकाठच्या मनोरीला मामाच्या गच्चीवर मी पवनचक्की बसवलीय, कॉईल हाताने गुंडाळून, लोहचुंबक रेझिनमध्ये ओतून केलेली, सहा फुटी लाकडी पंखा, २४ व्होल्टची बॅटरी. पहिल्याच सीझनमध्ये तिचे तीन रेक्टिफायर, म्हणजे पंख्याचा एसी करंट बॅटरीसाठी डीसी करणारे तुकडे, गेले, मे मध्ये एक, जूनमध्ये एक, जुलैत एक. दर वेळी मी लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार गाठायचो, आधीपेक्षा तगडा आणायचो, मार्व्याहून फेरीबोटीने पलीकडे जाऊन बसवायचो आणि परत महिन्याभरात मामाचा फोन. शेवटी तिन्ही मेलेले तुकडे टेबलावर शेजारी शेजारी ठेवून नीट बघितले तेव्हा कळलं की तिघांचं मरण वेगळं आहे, एक व्होल्टेजने गेलाय, एक उष्णतेने आणि तिसऱ्याच्या बाबतीत तर सुरुवात वायरच्या लगपासून, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्यापासून, झालीय. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण हाच प्रॉब्लेम बऱ्याच जणांना येतो आणि सगळ्यांना सल्ला एकच मिळतो, "मोठा टाक". त्या सल्ल्याने माझे दोन महिने गेले.

आधी चेक कसं करायचं ते सांगतो कारण इथेच बरेच जण फसतात. रेक्टिफायर लागलेला असतानाच मल्टिमीटर लावतात, दोन एसी टोकांमध्ये शॉर्ट दाखवतं आणि चांगला माल कचऱ्यात जातो. अहो, त्या दोन टोकांच्या मधे तुमच्या स्टेटरची, म्हणजे न फिरणाऱ्या भागाची, कॉईल आहे ना, जाड तांब्याची, तिचा रेझिस्टन्स एक ओमपेक्षाही कमी असू शकतो, मीटर शॉर्टच दाखवणार. तेव्हा आधी पंखा ब्रेकवर टाका (हा ब्रेक म्हणजे पंख्याच्या तिन्ही वायरी एकमेकांना शॉर्ट करणारा स्विच, पुढे येतोय), बॅटरीचा फ्यूज काढा, पंख्याकडून येणाऱ्या तिन्ही वायरी रेक्टिफायरपासून सोडवा, आणि मग मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून बघा (डायोड म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, रेक्टिफायर त्यांचाच बनतो). लाल प्रोब एसी टोकावर आणि काळा प्लसवर ठेवला की ०.४५ ते ०.६ च्या दरम्यान आकडा आला पाहिजे, प्रोब उलटे केले की काही नाही, मीटर ओएल किंवा नुसता १ दाखवेल. मग लाल मायनसवर आणि काळा एसीवर, परत तोच आकडा, उलटं केलं की परत काही नाही. तीन एसी टोकं, प्रत्येकाचे दोन डायोड, दोन्ही दिशा, म्हणजे बारा रीडिंग. कागदावर लिहून काढा, डोक्यात ठेवू नका. दोन्ही दिशांना शून्याच्या जवळ आकडा म्हणजे तो डायोड शॉर्ट, दोन्ही दिशांना काहीच नाही म्हणजे ओपन.

मीटर जवळ नसेल तर पंखाच सांगतो. बॅटरी सोडवलेली, रेक्टिफायर जोडलेला, अशा वेळी पंखा हाताने फिरवा. अगदी मोकळा फिरला तर बहुतेक डायोड शॉर्ट नाहीत. फेरीत ठरावीक जागी अडकल्यासारखा, कोणीतरी मागून धरल्यासारखा लागला तर एखादा डायोड शॉर्ट झालाय आणि पंखा स्वतःच्याच कॉईलवर ब्रेक लावतोय. मग वायरी सोडवून परत फिरवा, आता मोकळा झाला तर दोष रेक्टिफायरचा, तरीही जड असेल तर स्टेटर किंवा खाली येणारी केबल तपासा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, मीटर डायोडमधून अगदी नावापुरता करंट सोडतो. त्यात पास झालेला डायोड खऱ्या लोडवर नापास होऊ शकतो. मी आता प्रत्येक नवीन तुकडा १२ व्होल्टची बॅटरी आणि गाडीचा ५५ वॅटचा हेडलाईट बल्ब सिरीजमध्ये लावून तपासतो, साधारण साडेचार अँपिअर जातात, आणि एकेका डायोडवर किती व्होल्ट पडतात ते मोजतो. सगळे साधारण सारखे, पाऊण ते एक व्होल्टच्या मधे आले की ठीक. एखादाच बाकीच्यांपेक्षा वेगळा निघाला तर तो तुकडा मी बसवत नाही. बाजारात डुप्लिकेट मालही भरपूर आहे, वरचा छाप तोच असतो पण हातात घेतलं की वजनाला हलका लागतो, त्यामुळे ही बल्बची टेस्ट दुकानात नाही तर निदान घरी आल्यावर तरी कराच.

आता माझ्या तीन मरणांकडे येतो.

पहिला. एका जुन्या यूपीएसमधून काढलेला केबीपीसी जातीचा चौकोनी ब्रिज होता, मधे स्क्रूचं भोक असलेला, त्याचाच अजून एक जोडीदार घेऊन थ्री फेजचं, म्हणजे पंख्याच्या तिन्ही वायरींचं, काम भागवलं होतं. वर ३५०१ छापलं होतं. मी ३५ वाचलं आणि खूश झालो, कारण ३५ अँपिअर मला पुरत होते. शेवटच्या दोन आकड्यांकडे बघितलंच नाही. ते आकडे व्होल्टेज सांगतात, ०१ म्हणजे १०० व्होल्ट, ०४ म्हणजे ४००, १० म्हणजे १०००. आता तुम्ही म्हणाल २४ व्होल्टच्या सिस्टिमला १०० व्होल्ट कमी का पडतील? बॅटरी जोडलेली असेपर्यंत नाही पडत, कारण बॅटरी व्होल्टेजला दाबून धरते. पण मे महिन्यात दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, घरात लोड काही नाही, बॅटरी फुल्ल झाली, आणि मी लावला होता सोलरचा साधा कंट्रोलर. त्याचं काम काय, बॅटरी भरली की पॅनेलचा बॅटरीशी संबंध तोडायचा. पॅनेलला त्याने काही होत नाही, ते उन्हात नुसतं पडून राहतं. पवनचक्कीला तोडलं की तिच्या मानेवरचं जू काढल्यासारखं होतं, ती सुसाट सुटते.

माझा पंखा साधारण २२० आरपीएमला २६ व्होल्ट देऊन चार्जिंग सुरू करतो. चांगल्या वाऱ्यात मोकळा सुटला की तो ११०० आरपीएमपर्यंत सहज जाईल, म्हणजे पाचपट, म्हणजे १३० व्होल्ट. १०० व्होल्टचा डायोड तिथेच संपला, आणि कंट्रोलरसुद्धा त्याच्याबरोबर गेला. मेलेल्या तुकड्यावर बाहेरून एक डागही नव्हता, जळका वास नाही, तडा नाही, फक्त मीटरवर दोन्ही बाजूंनी शॉर्ट. असा स्वच्छ मेलेला रेक्टिफायर दिसला की आधी व्होल्टेजवर संशय घ्या आणि स्वतःला विचारा की त्या दिवशी पंखा बॅटरीपासून तुटला होता का, फ्यूज गेला होता का, कोणी बॅटरीचं टर्मिनल साफ करायला काढलं होतं का.

यावर इलाज दोन. एक तर १००० व्होल्टच्या खालचा तुकडा घ्यायचाच नाही, किमतीत फारसा फरक नसतो. आणि दुसरा, जो जास्त महत्त्वाचा, सोलरचा तोडणारा कंट्रोलर पवनचक्कीच्या वाटेत ठेवायचा नाही. पवनचक्कीला डम्प लोड लागतो, म्हणजे बॅटरी भरली की जास्तीची वीज एका हीटरच्या तारेत किंवा बल्बांच्या माळेत जाळायची, पंखा मात्र बॅटरीला कायम जोडलेला राहिला पाहिजे. डम्प लोड पंख्याच्या पूर्ण ताकदीएवढा हवा, अर्धा ठेवून चालत नाही.

दुसरा रेक्टिफायर गेला त्याचं कारण समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, त्यामुळे यावर जरा जास्त बोलतो. या वेळी मी नवे ३५१० घेतले होते, ३५ अँपिअर, १००० व्होल्ट, बल्बवर तपासलेले. पावसाचं पाणी लागू नये म्हणून प्लास्टिकच्या बंद डब्यात, आत ॲल्युमिनियमची एक पातळ पट्टी, झाकणाला सिलिकॉन. दिसायला फार सुबक काम झालं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधीच, डब्याचं झाकण वाकलं आणि रेक्टिफायरच्या अंगाला तडा गेला.

हिशोब बघा. ब्रिजमधून करंट जाताना एका वेळी दोन डायोडमधून जातो, एकदा जाताना आणि एकदा येताना. भरपूर करंट असताना प्रत्येक डायोड साधारण एक व्होल्ट खातो, म्हणजे दोघांचे मिळून दोन व्होल्ट. माझा पंखा सेकंदाला १० मीटरच्या वाऱ्यात साडेचारशे वॅटच्या आसपास देतो, २८ व्होल्टला ते १६ अँपिअर झाले. १६ गुणिले दोन, ३२ वॅट. हे ३२ वॅट प्रकाश देत नाहीत, बॅटरीत जात नाहीत, ते नुसती उष्णता होऊन त्या डब्यात बसतात. सोल्डरिंग आयर्न किती वॅटचा असतो, २५ चा, ३५ चा. म्हणजे मी एक चालू सोल्डरिंग आयर्न प्लास्टिकच्या बंद डब्यात ठेवून तो डबा मुंबईच्या उन्हात गच्चीवर टांगला होता.

आणि वाऱ्याचा स्वभाव असा की वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते. सेकंदाला १० मीटरवरून १२ मीटरवर गेला तरी ताकद पावणेदोनपट. त्यामुळे साडेचारशेचे आठशे वॅट व्हायला एक सोसाट्याचा झोत पुरतो, करंट २८ अँपिअर, उष्णता ५५ वॅटच्या पुढे. रोजच्या वाऱ्यावर हिशोब करून रेक्टिफायर निवडलेला असेल तर तो अशा झोतात जातो.

मग प्रश्न येतो की ३५ अँपिअरचा तुकडा २८ मध्ये का मरतो. कारण तुकड्यावर छापलेले ३५ अँपिअर हे त्याची बॉडी ५५ अंशांवर असताना आहेत. डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, एक उतरता ग्राफ असतो तो बघा, बॉडी जशी तापत जाते तसा चालणारा करंट कमी कमी होत जातो आणि बॉडी १५० अंशांना पोचली की शून्य. बॉडी ९० अंशांवर असेल तर तोच तुकडा जेमतेम २०–२२ अँपिअरचा राहतो. उन्हातल्या बंद डब्यातली हवाच ६० अंशांच्या घरात असेल तर बॉडी ९० ला जायला काहीच वेळ लागत नाही.

इथे "मोठा टाक" हा सल्ला अर्धाच कामाचा ठरतो. १०० अँपिअरचा मॉड्यूल टाकला तरी दोन डायोडचा ड्रॉप, म्हणजे त्यांत पडणारे व्होल्ट, थोडाफारच कमी होतो, तयार होणारी उष्णता साधारण तेवढीच राहते. मोठ्या मॉड्यूलचा फायदा एवढाच की त्याचा तळ मोठा असतो, उष्णता हीटसिंकमध्ये (उष्णता बाहेर सोडणारा धातूचा ठोकळा) लवकर उतरते आणि मरणापासून अंतर जास्त राहतं. हीटसिंकच नसेल तर तोही तापणार, जरा उशिरा. मी काय केलं, तर भंगारातून जाड पंखांचा ॲल्युमिनियमचा हीटसिंक आणला, डब्याच्या मागच्या बाजूला खिडकी कापली, हीटसिंकचे पंख बाहेर आणि सपाट बाजू आत, कडेने सीलंट. पंख उभे ठेवा, आडवे नको, गरम हवा वर जायला वाट हवी. तुकड्याखाली थर्मल पेस्टचा अगदी पातळ थर, मधला स्क्रू घट्ट. या केबीपीसी तुकड्यांची धातूची बॉडी आतून इन्सुलेटेड असते त्यामुळे दोन-तीन तुकडे एकाच हीटसिंकवर बिनधास्त बसतात. डबा गच्चीवरून काढून उत्तरेच्या भिंतीला, पत्र्याच्या सावलीत आणला.

१२ व्होल्टची सिस्टिम करणाऱ्यांनी अजून एक विचार करा. दोन व्होल्ट रेक्टिफायरमध्ये जाणार हे सगळीकडे सारखंच. १४ व्होल्टला चार्ज करताना पंख्याने १६ तयार करायचे आणि त्यातले दोन घालवायचे, म्हणजे आठवा हिस्सा गेला. २४ च्या सिस्टिमला हाच वाटा साधारण पंधराव्या हिश्श्यावर येतो आणि ४८ ला जेमतेम साडेतीन टक्के. शिवाय तेवढ्याच वॅटला करंट कमी, म्हणजे उष्णताही कमी. अजून काहीच विकत घेतलं नसेल तर १२ व्होल्ट सोडा. शॉटकी डायोड लावले तर ड्रॉप कमी होतो हे खरं, पण त्यांची उलटं व्होल्टेज सोसायची ताकद कमी असते आणि तापल्यावर ते उलट्या दिशेनेही गळायला लागतात. पहिल्या रेक्टिफायरचं काय झालं ते वाचलंतच, त्यामुळे पंखा कधीही मोकळा सुटणार नाही याची खात्री असल्याशिवाय मी ते लावणार नाही.

तिसरा. जुलैत मामाचा फोन आला, "अरे पंखा गुरगुरतोय, खांबाला हात लावला तर थरथर लागते." पाण्याच्या पंपाची एक फेज गेली की मोटर कशी घुमते तसाच हा आवाज. एक फेज तुटली होती. मी पोचलो तोपर्यंत उरलेल्या दोन फेजवर सगळा भार येऊन त्यांचा एक डायोडही शॉर्ट झाला होता. पण मूळ कारण तो डायोड नव्हताच. पहिल्या फेजची वायर ज्या चपट्या लगने रेक्टिफायरच्या टॅबवर (बाहेर आलेल्या पातीवर) चढवली होती तो लग काळानिळा पडला होता, टॅबवर हिरवट पूड, इन्सुलेशन वितळून आत ओढलेलं. मनोरीला चारी बाजूंनी खारी हवा, पावसाळ्यात तर उघड्या तांब्यावर लवकरच हिरवट थर येतो. लग नुसता पकडीने दाबलेला, आत ओल शिरली, जोडाचा रेझिस्टन्स वाढला, जोड तापला, तापला म्हणून अजून सैल झाला. जोडावर अर्धा व्होल्ट पडायला लागला की २० अँपिअरला १० वॅट झाले, एवढ्याशा लगसाठी ते फार झाले, आणि ती उष्णता टॅबवाटे सरळ डायोडमध्ये उतरते.

हे पकडायची सोपी रीत आहे. चांगला वारा असताना, पंखा चार्ज करत असताना, मीटर मिलिव्होल्टवर ठेवून एक प्रोब वायरच्या तांब्यावर आणि दुसरा टॅबवर. २० अँपिअरला ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर जोड चांगला, शे-दीडशे मिलिव्होल्ट दिसले तर लगेच काढून नवा करा. आता मी लग क्रिंप करून वरून सोल्डर उतरवतो, मग हीटश्रिंक, आणि टॅबवर चढवल्यावर ग्रीसचा हात फिरवतो. जास्त करंट असेल तर टॅबवाल्या तुकड्यांऐवजी स्क्रू टर्मिनलचा थ्री फेज मॉड्यूल घ्या, १०० अँपिअर १६०० व्होल्टचा मिळतो, रिंग लग लावून बोल्ट आवळला की विषय संपला. माझ्याकडे आता तोच आहे.

वायरिंगचं थोडक्यात. पंख्याकडून तीन वायरी येतात, त्या थ्री फेज मॉड्यूलच्या तीन एसी टोकांना कुठल्याही क्रमाने लावा, फरक पडत नाही. सिंगल फेजचे ब्रिज वापरत असाल तर तीन घ्या, प्रत्येकाची दोन्ही एसी टोकं एकमेकांना जोडा आणि त्याला एक फेज द्या, मग तिघांचे प्लस एकत्र, तिघांचे मायनस एकत्र. दोन ब्रिजमध्येही होतं, एकाच्या दोन एसी टोकांना दोन फेज आणि दुसऱ्याला तिसरी. एकाच ब्रिजला दोन फेज लावून तिसरी वायर टेप मारून सोडून दिलेली मी एका ठिकाणी बघितलीय, तिथेही तक्रार गुरगुरण्याचीच होती. चौकोनी तुकड्यावर जो टॅब बाकीच्यांच्या काटकोनात आहे तो प्लस, त्याच्या तिरक्या समोर मायनस, उरलेले दोन एसी. छाप पुसला गेला असेल तरी यावरून ओळखता येतं. कमी वाऱ्याच्या जागी कॉईल स्टारमध्येच ठेवा (तिन्ही फेजची एकेक टोकं एकत्र), डेल्टा केलं (तिन्ही एकापुढे एक जोडून त्रिकोण) तर चार्जिंग सुरू व्हायला पावणेदोनपट आरपीएम लागेल आणि हाताने गुंडाळलेल्या कॉईल थोड्या जरी कमीजास्त असल्या तरी आतल्या आत करंट फिरत राहतो.

रेक्टिफायर वर खांबाच्या डोक्यावर बसवू नका. खाली बॅटरीजवळ ठेवा आणि तिन्ही वायरी खाली आणा. एक वायर जास्त लागते हे मान्य, पण तपासायला खांब उतरवावा लागत नाही, आणि ब्रेकचा स्विच खाली हाताशी येतो. हा ब्रेक म्हणजे तिन्ही फेज एकमेकांना शॉर्ट करणारा स्विच, आणि तो रेक्टिफायरच्या आधी, एसी बाजूलाच हवा. डीसी बाजूला प्लस-मायनस शॉर्ट केलंत तर तुम्ही पंख्याला नाही, बॅटरीला शॉर्ट करताय, आणि बॅटरीचा शॉर्ट माणसाला भाजून काढतो. बॅटरी आणि रेक्टिफायरच्या मधे, बॅटरीच्या अगदी जवळ, डीसीला चालणारा फ्यूज टाका. कोणी चुकून बॅटरी उलटी जोडली तर रेक्टिफायरचे सगळे डायोड एकदम सरळ दिशेला येतात आणि बॅटरीचा पूर्ण करंट त्यातून जातो, अशा वेळी वाचायचं असेल तर तो फ्यूजच वाचवेल. घरातला एसीचा एमसीबी तिथे लावू नका, डीसीचा आर्क, म्हणजे तुटताना उडणारी ठिणगी, तो नीट तोडू शकत नाही.

आणि क्रम चुकवू नका. काहीही सोडवायचं असेल तर पहिला ब्रेक, पंखा थांबला किंवा अगदी मंद झाला हे डोळ्याने बघायचं, मग फ्यूज, मग वायरी. जोडताना बरोबर उलटं, वायरी, फ्यूज आणि सगळ्यात शेवटी ब्रेक सोडायचा. ब्रेक शक्यतो वारा पडलेला असतानाच मारा, सकाळची वेळ चांगली, कारण सुसाट फिरणारा पंखा शॉर्ट केला तर कधीकधी तो थांबत नाही आणि स्टेटर तापतो. मोकळ्या पंख्याच्या वायरींवर शंभराच्या वर व्होल्ट असतात हे विसरून हात घालू नका.

मामाच्या घरात मी हा क्रम डब्याच्या झाकणावर आतून मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय, कारण मी मालाडला असतो आणि वादळाचा इशारा आला की ब्रेक मामालाच मारायचा असतो. नव्या मॉड्यूलवर एक पूर्ण पावसाळा गेला. महिन्यातून एकदा जातो, वारा चांगला असताना हीटसिंकला हात लावून बघतो, हात टिकतो, तिन्ही जोडांचे मिलिव्होल्ट मोजून त्याच झाकणावर तारखेसह लिहितो. सप्टेंबरमध्ये दोन नंबरच्या फेजचा आकडा ३० वरून ७० झाला होता, बोल्ट काढून रिंग पॉलिश पेपरने घासली, परत आवळला, आता २५ आहे.